मेसेज आला होता, पण उठलं कुणीच नाही

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना जसं बोललो तसंच ठेवलंय, फक्त 'अं अं' तेवढे काढलेत.)

 

आजचा एपिसोड लोकलमध्ये उभं राहून ऐकत असाल तर उत्तम. रात्री अंथरुणात पडून ऐकत असाल तर आधी एक काम करा. फोन बघा, सायलेंटवर आहे का? आहे ना? माझाही होता. आजची सगळी गोष्ट तिथूनच सुरू होते.

आज बोलायचंय ऑटोमॅटिक अलर्टबद्दल. म्हणजे काहीतरी बिघडलं की मशीनने आपण होऊन माणसाला उठवायचं, पहिला माणूस उठला नाही तर दुसऱ्याला उठवायचं, आणि कुणीतरी 'हो, मी बघतो' म्हणेपर्यंत गप्प बसायचं नाही. आयटीवाले याला इन्सिडेंट नोटिफिकेशन म्हणतात. पेजरड्यूटी, ऑप्सजिनी ही नावं तुमच्यातल्या काहींनी ऑफिसात ऐकली असतील. मी ती सर्व्हिस लावली कोळंबीच्या तलावाला. वडखळला.

त्या रात्री काय झालं

वडखळ म्हटलं की तुम्हाला नाका आठवणार. मुंबई-गोवा हायवेवरून अलिबागचा रस्ता फुटतो तो. तिथल्या ट्रॅफिकमध्ये तुमची अर्धी सुट्टी गेलेली असणार. पण नाका सोडून खाडीकडे आत वळलात की खारेपाट सुरू होतो. खाडीचं पाणी अडवणारे बांध, उघाड्या, भाताची खाचरं आणि अधूनमधून तलाव. त्यातला एक तलाव आमच्या काकांचा.

कोळंबी दाट सोडली की पाण्यात सतत हवा मारावी लागते. त्यासाठी एअरेटर असतात, काका त्यांना पंखेच म्हणतात. दिवसा पाण्यातलं शेवाळ उन्हावर ऑक्सिजन तयार करतं. रात्री उलटं होतं, तेच शेवाळ ऑक्सिजन खायला लागतं. म्हणून पाण्यातला ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो पहाटे, सूर्य उगवायच्या आधी. एका लिटरला चार मिलिग्रॅमच्या वर राहिला तर बरं. दोनच्या खाली गेला की कोळंबी गुदमरते. थोडक्यात, पंखे बंद पडायला सगळ्यात वाईट वेळ तीच, जेव्हा माणूस सगळ्यात गाढ झोपेत असतो.

मे महिना होता. वारा सुटला, वीज कडाडली आणि दोनच्या सुमारास लाईट गेली. तलावावर जनरेटर होता. त्यात डिझेल होतं. काका दहा पावलांवर खोलीत झोपले होते. पण दिवसभर जाळी ओढून दमलेले. पंख्यांचा आवाज बंद झाला म्हणून काही कुणाला जाग येत नाही, उलट झोप जास्त चांगली लागते. पाचला उठले तेव्हा काठाला कोळंबी पांढरी पडली होती. अर्ध्याहून जास्त माल गेला.

मला फोन केला तेव्हा एकच वाक्य बोलले. "लायट कवा गेली, मना कललाच नाय रं."

आता खरी गोष्ट ऐका. मला कळलं होतं. म्हणजे माझ्या फोनला कळलं होतं. मीच हौसेने तिथे एक स्मार्ट प्लग लावला होता. त्याच्या अ‍ॅपने मला दोन वाजून चार मिनिटांनी नोटिफिकेशन पाठवलं होतं, 'डिव्हाइस ऑफलाइन'. ते पडलं होतं एका लग्नाच्या ग्रुपवरच्या फोटोंच्या आणि एका सेलच्या जाहिरातीच्या मध्ये. फोन सायलेंटवर आणि मी नवी मुंबईत घोरतोय.

यात सगळ्यात लागणारी गोष्ट सांगू? माझी नोकरीच ही आहे. ऑफिसात आठवड्यातून पाळी लागते, ऑन-कॉल. वेबसाईट जरा हळू चालली तरी मला रात्री तीनला फोन येतो आणि मी उठतो. कंपनीच्या सर्व्हरसाठी उठवायची सोय होती. घरच्या तलावासाठी नव्हती.

मेसेज आणि अलर्ट यात फरक आहे

तर आजच्या एपिसोडमधून एकच वाक्य न्यायचं असेल तर हे न्या. मेसेज पोचला म्हणजे अलर्ट झाला असं नाही. कुणीतरी 'मी बघतो' म्हटलं की अलर्ट झाला.

ग्रुपवर मेसेज टाकला की काय होतं, तुम्हाला माहितीये. आठ जण वाचतात आणि आठही जणांना वाटतं, दुसरा कुणीतरी बघेल. निळ्या टिका आल्या म्हणून जनरेटर चालू होत नाही.

आपल्याच हायवेवरचं उदाहरण घ्या. २ ऑगस्ट २०१६ ची रात्र. महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला. दोन एसटी आणि आणखी गाड्या त्यात गेल्या. अंधार, पाऊस, आणि मागून येणाऱ्या गाड्यांना पुढे पूल नाही हे माहीतच नाही. पुलाजवळच्या गॅरेजमध्ये काम करणाऱ्या एका माणसाच्या ते लक्षात आलं. त्याने येणाऱ्या गाड्या थांबवल्या, आणि पोलिसांपर्यंत खबर गेली. सेन्सर तोच, निरोप देणारा तोच, रस्त्यात उभा राहणाराही तोच. त्या रात्री तो जागा होता म्हणून पुढच्या गाड्या वाचल्या. पण दर रात्री, दर ठिकाणी असा माणूस जागा असेल यावर आपण विसंबून राहू शकत नाही. म्हणून यंत्रणा लागते.

पायरी पहिली: कशासाठी उठायचं ते ठरवा

आपण सगळे इथेच चुकतो. सेन्सर हातात आला की सगळं मोजावंसं वाटतं. तापमान, खारटपणा, पाण्याची पातळी. आणि प्रत्येकाचा अलर्ट. तसं करू नका. स्वतःला एक प्रश्न विचारा, 'हे झालं तर मी रात्री तीनला अंथरुणातून उठून काही करणार आहे का?' उत्तर 'नाही' असेल तर तो अलर्ट नाही. तो सकाळी चहाबरोबर वाचायचा रिपोर्ट आहे.

आमच्याकडे यादी दोनच गोष्टींवर आली. एक, पंखे बंद. दोन, तलावावरून काहीच खबर नाही.

पायरी दुसरी: गप्प बसणं हीसुद्धा खबर असते

हा भाग नीट ऐका, माझी पहिली सिस्टीम इथेच फसली असती. लाईट गेली की सेन्सरने मेसेज पाठवायचा, असं आपल्याला सुचतं. पण लाईट गेली की राउटरपण जातो ना! मग मेसेज जाणार कुठून? ज्याचा गळा दाबलाय त्यालाच आपण सांगतोय, ओरड.

म्हणून उलटं करायचं. तलावावर एक छोटा बोर्ड बसवला, ईएसपी३२, इंजिनिअरिंगच्या पोरांना माहीत असेल. तो दर मिनिटाला इंटरनेटवरच्या एका लिंकला हाक मारतो, 'मी आहे.' ही हाक ऐकणारी सर्व्हिस तलावावर नाही, बाहेर कुठेतरी आहे. पाच मिनिटं हाक आली नाही की तिने समजायचं, काहीतरी झालंय. याला हार्टबीट म्हणतात. हेल्थचेक्ससारख्या सर्व्हिस नेमकं हेच काम करतात.

पण नुसतं तेवढ्यावर थांबलो नाही. राउटरला आणि बोर्डाला छोटी बॅटरी दिली, आणि पंख्याच्या वायरभोवती चिमट्यासारखा बसणारा करंट सेन्सर लावला. का, सांगतो. गावाकडच्यांना हे पटकन कळेल. पंखे थ्री फेजवर. कधीकधी एकच फेज जातो. घरातला बल्ब चालू, टीव्ही चालू आणि तलावावरचे पंखे बंद! म्हणून मोजायचं ते घरातल्या प्लगवर नाही, मोटरच्या वायरवर. आणि हे काम वायरमनकडूनच करून घ्या, तलावाच्या काठावर थ्री फेजशी स्वतः खेळू नका, प्लीज.

म्हणजे आता दोन प्रकारचे निरोप झाले. पहिला, 'पंखे बंद आहेत.' ही पक्की खबर. दुसरा, 'तलाव गप्प आहे.' काय झालंय माहीत नाही, नेट गेलं असेल, बोर्ड जळला असेल. पण जाऊन बघा. उठायचं दोन्हींसाठी.

पायरी तिसरी: सर्व्हिसमध्ये खातं

आता मोबाईलवरसुद्धा करता येईल असा भाग. इन्सिडेंट सर्व्हिसमध्ये खातं उघडायचं. छोट्या टीमसाठी फुकट प्लॅन मिळतात. आत गेलात की एक 'सर्व्हिस' तयार करायची. मी नाव दिलं 'वडखळ तलाव'. ती तुम्हाला एक गुप्त किल्ली देते, लांबलचक अक्षरं-आकड्यांची. तुमचा बोर्ड किंवा हार्टबीटवाली सर्व्हिस ती किल्ली वापरून निरोप पाठवते. ही किल्ली कुणाला फॉरवर्ड करू नका. ज्याच्याकडे किल्ली, तो तुम्हाला रात्री उठवू शकतो.

प्रत्येक निरोपाला एक ओळखीचं नाव द्यायचं, उदाहरणार्थ 'पंखे-बंद'. तेच नाव घेऊन पन्नास निरोप आले तरी सर्व्हिस त्यांचं एकच प्रकरण समजते आणि पन्नास फोन करत नाही. आणि पंखे परत चालू झाले की बोर्डाने त्याच नावाने 'मिटलं' असा निरोप पाठवायचा, म्हणजे प्रकरण आपोआप बंद.

हा 'मिटलं'चा निरोप विसरू नका हां. १३ जानेवारी २०१८ ला अमेरिकेतल्या हवाई बेटांवर लोकांच्या फोनवर क्षेपणास्त्र येतंय असा इशारा गेला. चुकून गेला होता. पण 'खोटा होता' हा दुसरा मेसेज जायला ३८ मिनिटं लागली! उठवणाऱ्याने 'झोपा आता' हेसुद्धा सांगितलं पाहिजे.

अजून एक. ऑप्सजिनी बऱ्याच जणांनी वापरलेली सर्व्हिस, पण तिची नवी विक्री जून २०२५ मध्ये थांबली आणि एप्रिल २०२७ मध्ये ती बंद होणार असं कंपनीनेच जाहीर केलंय. म्हणून कोण, कुठल्या क्रमाने, किती मिनिटांनी, हे सगळं एका कागदावर लिहून ठेवा. सर्व्हिस बदलली तरी कागद तोच राहतो. आमचा पंपाच्या खोलीत खिळ्याला लावलाय.

पायरी चौथी: आधी कुणाला?

याला एस्कलेशन म्हणतात. पहिल्याने उचललं नाही तर दुसऱ्याला, मग तिसऱ्याला.

मी काय केलं, तर पहिलं नाव स्वतःचं टाकलं. का? तर सिस्टीम मी बनवली ना! मग एकदा रात्री अलर्ट आला, मी झोपेतच काकांना फोन लावत बसलो, आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मी इथे खारघरला बसून जनरेटरचं बटण दाबणार आहे का? पहिला फोन त्याला जायला हवा ज्याचा हात जनरेटरला सगळ्यात आधी पोचतो. सगळ्यात हुशार माणूस पहिला नाही, सगळ्यात जवळचा माणूस पहिला.

मग क्रम असा लावला. पहिले काका. पाच मिनिटांत उत्तर नाही तर चुलतभाऊ, तो गावातच राहतो, बाईकवर येतो. अजून पाच मिनिटं, मग मी. आणि मीही नाही उठलो तर चक्र परत पहिल्यापासून.

आता काकांकडे बटणांचा साधा फोन. तिथे अ‍ॅप नाही, थेट कॉल. कॉल आला की मशीन बोलतं, एक आकडा दाबा म्हणजे 'मी बघतो'. पहिल्याच टेस्टला काकांनी फोन कट केला. म्हणाले, "इंग्रजीत बाई बोलत होती, लोनवाली असेल." (हसतो) पण गंमत बघा, कट केला म्हणजे 'मी बघतो' म्हटलं नाही. सर्व्हिसने पाच मिनिटांनी चुलतभावाला उठवलं. म्हणजे सिस्टीम बरोबर चालली, माणूस तयार करायचा राहिला होता. मग ते नंबर काकांच्या फोनमध्ये 'तलाव' नावाने सेव्ह केले, वेगळी रिंगटोन लावली, कुठला आकडा दाबायचा ते दाखवलं. काकांनी ते पटकन पकडलं. म्हणे, ती बाई काय बोलते ते कशाला कळायला पाहिजे? वाजला की उठायचं.

स्मार्टफोनवाल्यांनी दोन सेटिंग आजच तपासा. एक, 'डू नॉट डिस्टर्ब' चालू असतानाही या अ‍ॅपला वाजायची परवानगी. दोन, बॅटरी सेव्हर. बरेच अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारी अ‍ॅप्स झोपवतात. पहारेकऱ्यालाच झोपवलं तर कसं होणार? त्याला त्या यादीतून बाहेर काढा.

पायरी पाचवी: लांडगा आला रे आला

पहिल्या आठवड्यात मी सगळ्यांचा जीव नकोसा केला. लाईट दोन मिनिटं जायची, यायची. प्रत्येक वेळी फोन. चौथ्या रात्री चुलतभावाने फोन बंद करून ठेवला. लांडगा आला रे आला, दुसरं काय? आणि चूक त्याची नाही, माझी.

यावर उपाय दोन. पहिला, थोडं थांबायचं. पंखे तीन मिनिटं सलग बंद राहिले तरच निरोप. दुसरा, दोन पातळ्या. ही कल्पना आपल्या जिल्ह्यात पावसाळ्यात रोज कानावर पडते. अंबा नदीची नागोठण्याला इशारा पातळी ८ मीटर आणि धोका पातळी ९ मीटर. रोह्याला कुंडलिकेची इशारा पातळी २३ मीटर, धोका पातळी २३.९५. दोन आकडे का? पहिल्या आकड्याला सामान वर ठेवायला घ्यायचं, दुसऱ्याला घर सोडायची तयारी. दोन्हीला एकच भोंगा वाजवला तर लोक पहिल्याला पळतील, काही होणार नाही, आणि दुसऱ्याला झोपून राहतील.

आमच्याकडे जनरेटरचं डिझेल निम्म्यावर आलं की साधा मेसेज, तोही दिवसा. पंखे बंद, की कॉल.

तुम्ही म्हणाल, सरकारचे अलर्ट येतात की फोनवर. येतात, आणि चांगली सोय आहे. २०२३ च्या पावसाळ्यात अनेकांच्या फोनवर जोरात आवाज करत टेस्ट मेसेज आला होता, आठवतंय? ते सेल ब्रॉडकास्ट. त्यात तुमचा नंबर लागतच नाही, ठरावीक टॉवरच्या टापूत जे फोन आहेत ते सगळे एकदम वाजतात. 'सचेत' अ‍ॅपवरही तुमच्या भागाचे इशारे बघता येतात. पण हे एकतर्फी आहे. तुम्ही उठलात का, शेजारच्या आजी उठल्या का, हे तो टॉवर विचारत नाही. ते विचारणारी साखळी आपल्या वाडीत आपणच बांधायची. त्याला इंटरनेटही लागत नाही. चार नावं, चार नंबर, आणि कोण कुणाच्या दारावर थाप मारणार एवढं ठरलेलं असलं की झालं.

आणि टेस्ट

शेवटचं. न तपासलेला अलर्ट म्हणजे नसलेला अलर्ट. पण 'दर महिन्याला टेस्ट करू' असं नुसतं ठरवलं की होत नाही, कॅलेंडरचं रिमाइंडर आपण पुढे ढकलतो. काकांनी यावर मस्त तोडगा काढला. अमावस्या-पौर्णिमेला खाडीला उधाण येतं, तेव्हा ते बांधावरून फिरून येतातच, कुठे भेग आहे का, उघाडी नीट लागतेय का बघायला. हे कुणी त्यांना सांगावं लागत नाही, आजोबांपासून चालत आलंय. आता त्याच फेरीत पंख्यांचा मेन स्विच पाडायचा, फोनची वाट बघायची, आकडा दाबायचा, जनरेटर एकदा चालवायचा. माझा नवा अलर्ट त्यांच्या जुन्या सवयीला बांधला, म्हणून टिकला.

ऑक्टोबरमध्ये, परतीच्या पावसात, खरी परीक्षा झाली. सकाळी सातला उठून मी फोन बघितला. अ‍ॅपमध्ये चार ओळी होत्या.

३:२० पंखे बंद.
३:२१ काकांना कॉल.
३:२२ काकांनी घेतलं.
३:४१ पंखे चालू, प्रकरण मिटलं.

मधल्या एकोणीस मिनिटांत काय झालं ते नंतर कळलं. जनरेटरची बॅटरी उतरली होती. काकांनी चुलतभावाला हाक मारली, त्याने ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणली. 'मी बघतो' म्हणणं म्हणजे काम झालं असं नाही, हेही त्यातून शिकलो. म्हणून आता सेटिंग आहे, घेतल्यावर तीस मिनिटांत मिटलं नाही तर परत सगळ्यांना फोन. आणि टेस्टच्या कागदावर एक ओळ वाढली, 'जनरेटरची बॅटरी'.

मला त्या रात्री कुणी उठवलंच नाही. आधी जरा वाईट वाटलं, सांगतो खरं. मग लक्षात आलं, सिस्टीम चांगली चालते म्हणजे हेच. ज्याने उठायला हवं तो उठला, बाकीचे झोपले.

तर मंडळी, तुमच्या घरात असा कुठला 'तलाव' आहे? आजोबांचा ऑक्सिजनचा काँसन्ट्रेटर असेल, दुकानातला आईस्क्रीमचा फ्रीझर असेल, बहिणीची ऑर्डर घेणारी वेबसाईट असेल. आज रात्री ते बंद पडलं तर पहिला फोन कुणाला जाईल? आणि तो उचलेल का? झोपायच्या आधी एवढं एक नाव कागदावर लिहा.

भेटूया पुढच्या एपिसोडला. तोपर्यंत काळजी घ्या. आणि हो, फोनची ती दोन सेटिंग तपासली का?